गूळ मारणारी वेल

गेल्या नाताळच्या सुट्टीत वरच्या वर्गांतील काही विद्यार्थ्यांस घेऊन आम्ही चिखलदऱ्यास गेलो होतो. नागपूरच्या सपाट मुलखात वाढलेल्या मुलांस गाविलगडच्या डोंगरांचे, खोल दऱ्यांचे आणि तेथील थंडीचे मोठे अप्रूप वाटले, ह्यात नवल नाही. परंतु परत आल्यावर जी गोष्ट त्यांनी घरोघरी सांगितली, ती किल्ल्याची नव्हे, भीमकुंडाचीही नव्हे. ती एका पानाची होती.

आमच्या उताऱ्याजवळ एका वृद्ध कोरकू गृहस्थाचे घर होते व त्याच्या कुंपणावर एक वेल चढलेली होती. दोन प्रहरी मुले गूळ आणि शेंगदाणे घेऊन बसली असता तो वृद्ध तेथे आला. त्याने त्या वेलीची दोन दोन पाने प्रत्येकाच्या हातावर ठेविली आणि म्हणाला, "गुरुजी, पोरांना आधी हे चावू द्या. मग गूळ खाऊ द्या." पान कडवट होते. मुलांनी तोंडे वाकडी केली, मिनिटभर पान चघळले, थुंकून टाकिले, चूळ भरली आणि मग गुळाचा खडा तोंडात घातला. क्षणभर कोणी बोलेना. शेवटी एक जण म्हणाला, "सर, हा गूळ नव्हेच; ही तर ओली माती आहे!"

वृद्ध हसला. "गूळ मेला," एवढेच तो म्हणाला.

गूळ खरोखरच मेला काय? हा प्रश्न त्याच रात्री शेकोटीपाशी निघाला. निघताना त्या गृहस्थाने वाळलेल्या पाल्याची एक पुरचुंडी आम्हांस दिली, आणि नागपुरास परतल्यावर शाळेच्या प्रयोगशाळेत पंधरा दिवस त्याच प्रश्नाचा पाठ चालला. तो पाठ येथे देत आहोत. लेख विद्यार्थ्यांसाठी आहे. तथापि त्याचा उत्तरार्ध त्यांच्या आईवडिलांनीही वाचावा, अशी आमची विनंती आहे. त्याचे कारण तेथे पोहोचल्यावर आपोआप कळेल.

वेलीची ओळख

ह्या वेलीस हिंदीत गुडमार म्हणतात. मराठीत तिला बेडकीचा पाला अथवा कावळी ही नावे आहेत, आणि संस्कृतात मधुनाशिनी व मेषशृंगी. मेषशृंगी म्हणजे मेंढ्याचे शिंग. तिची निमुळती, टोकदार शेंग पाहिली म्हणजे हे नाव का पडले ते ध्यानात येते. परंतु नावांवर फार विसंबून राहू नये. मराठीत मेढशिंगी ह्या नावाचा एक निराळाच वृक्षही आहे आणि त्याचा ह्या वेलीशी काडीचाही संबंध नाही. अशा घोटाळ्यांतून सुटण्यासाठीच वनस्पतिशास्त्रज्ञ प्रत्येक वनस्पतीस एक शास्त्रीय नाव देतात. ह्या वेलीचे शास्त्रीय नाव जिम्नेमा सिल्व्हेस्ट्रे असे आहे. त्यातील पहिला शब्द ग्रीक भाषेतील 'उघडा' व 'तंतू' ह्या अर्थाच्या दोन शब्दांपासून बनला आहे, आणि दुसरा शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ 'रानातील' असा होतो.

वेल काष्ठमय असून झाडाझुडपांच्या आधाराने वर चढते. पाने समोरासमोर जोडीने येतात. ती लांबट वाटोळी, टोकाशी निमुळती व मऊ लव असलेली असतात. फुले बारीक, पिवळसर व झुपक्यांनी येतात. शेंग वाळून उकलली म्हणजे रुईच्या बोंडाप्रमाणे आतून रेशमी केसांचे झुबके लावलेले बी वाऱ्यावर उडते. सह्याद्री, कोकण, दख्खन व मध्य हिंदुस्थानातील डोंगराळ रानांत ही वेल आढळते.

येथे विद्यार्थ्यांस एक सक्त ताकीद देणे आमचे कर्तव्य आहे. हिचा समावेश ज्या कुलात होतो त्याच कुलात रुई आहे आणि विषारी कण्हेरही आहे. तेव्हा जाणत्या मनुष्याने ओळखून दिल्यावाचून रानातील कोणतेही पान तोंडात घालू नये. शिवाय मेळघाटचे रान हे राखीव अभयारण्य आहे. तेथील पाला तोडावयाचा नसतो. आम्हांस मिळाला तो कुंपणावरचा होता, आणि मालकाने आपल्या हाताने दिलेला होता.

नीलगिरीवरील एक प्रयोग

आपल्याकडील वैद्यांस व रानातील लोकांस ह्या पाल्याचा गुण फार पूर्वीपासून ठाऊक होता. 'मधुनाशिनी' हे नावच त्याची साक्ष देते. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या कानावर ही गोष्ट गेली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. एजवर्थ नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यास असे दिसून आले की, ही पाने चावल्यावर चहातील साखर मुळीच लागत नाही. १८४७ च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ फाल्कनर ह्यांनी हा गुण लंडनमधील औषधशास्त्रज्ञांपुढे मांडिला.

परंतु ह्या पाल्यातील द्रव्य वेगळे काढण्याचे श्रेय डेव्हिड हूपर ह्यांजकडे जाते. हे गृहस्थ नीलगिरी पर्वतावर उटकमंड येथे सरकारी सिंकोना लागवडीचे रसायनज्ञ होते. त्यांनी १८८७ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाल्याच्या अर्कातून त्यांनी एक आम्ल वेगळे काढिले, त्यास जिम्नेमिक आम्ल असे नाव दिले, आणि पानांत त्याचे प्रमाण शेकडा ६ च्या आसपास असल्याचे नमूद केले.

हूपर ह्यांच्या लेखातील एक निरीक्षण नागपूरकरांस विशेष गमतीचे वाटेल. पाने चावून त्यांनी गोड संत्रे खाल्ले. तेव्हा साखरेची चव दबून जाऊन आंबटपणा इतका उघडा पडला की, संत्रे लिंबासारखे लागू लागले. आल्याची गोड पोळी खाल्ली, तर केवळ आल्याचा तिखटपणा तेवढा कळला. संत्र्यांच्या शहरातील मुलांनी हा प्रयोग वाचून नुसते स्वस्थ बसावे, हे शक्यच नव्हते.

आमचे प्रयोग

पहिला प्रयोग. दहा मुले बसविली. पाच जणांनी पाल्याचे चूर्ण चिमूटभर जिभेवर घोळवून थुंकिले व चूळ भरली. पाच जणांनी काहीच घेतले नाही. मग दहाही जणांस एकाच भांड्यातील संत्र्याचा रस दिला. पान न घेतलेल्यांस तो नेहमीप्रमाणे आंबटगोड लागला. पान घेतलेल्यांनी डोळे मिटून घेतले. संत्रा बर्फीचा तुकडा दिला, तर एकाने सांगितले की मेण चघळल्यासारखे वाटते. वास मात्र संत्र्याचाच येतो. ही दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. वास नाकाचा विषय आहे, आणि पाल्याचा अंमल नाकावर चालत नाही.

दुसरा प्रयोग. त्याच पाच जणांस मिठाचे पाणी, लिंबाचे पाणी व कारल्याचा रस दिला. खारट खारटच लागले, आंबट आंबटच लागले, कारलेही कडूच राहिले. हूपर ह्यांस क्विनीनचा कडूपणाही नाहीसा झाल्याचे वाटले होते. परंतु पान स्वतःच कडू असल्याने अशा परीक्षेत घोटाळा होणे सहज संभवते. पुढे शुद्ध द्रव्य घेऊन केलेल्या प्रयोगांत हा अंमल मुख्यतः गोड चवीपुरताच असल्याचे दिसून आले. मोठ्या निरीक्षकाचेही निरीक्षण पुन्हा पडताळून पाहावे लागते, हा त्यातील बोध.

तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या रसाचे घोट मुलांनी घेतले होते, त्याच रसाचे काही थेंब परीक्षानळीतील बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात टाकून नळी उकळत्या पाण्यात धरिली. द्रावणाचा निळा रंग त्यातील तांब्यामुळे असतो. संत्र्याच्या रसातील ग्लुकोज व फ्रुक्टोज ह्या शर्करा त्या तांब्याचे रूपांतर करून त्याचा विटकरी रंगाचा साका तयार करितात. पाहता पाहता निळा रंग जाऊन हिरवट, पिवळा, व शेवटी विटेसारखा तांबडा साका खाली बसला. म्हणजे जो रस मुलांस लिंबासारखा लागला, त्यात साखर होती तेवढीच होती.

ज्यांच्याजवळ परीक्षानळी नाही, त्यांच्यासाठी चौथा प्रयोग. तो आमचा नव्हे. एका विद्यार्थ्याच्या धाकट्या बहिणीचा आहे. भाऊ घरी पाल्याची करामत दाखवीत होता. साखर जिभेवर ठेवून तो म्हणाला, "ही बघ, वाळू झाली." तिने त्याच वाटीतील चमचाभर साखर अंगणात ठेविली. थोड्याच वेळात मुंग्यांची रांग लागली. तेव्हा ती म्हणाली, "दादा, मुंग्यांना विचार ना वाळू आहे का!" प्रयोगशाळेतील कोणतेही उपकरण न वापरता तिने नेमकी गोष्ट सिद्ध केली होती.

विद्यार्थ्यांनी आणखी एक युक्तिवाद लक्षात घ्यावा. दुसऱ्या दिवशी आम्ही सॅकरीनची गोळी आणिली. सॅकरीन ही साखर नव्हे. १८७९ साली शोध लागलेले ते एक अगदी निराळे रासायनिक द्रव्य आहे, आणि रचनेत साखरेशी त्याचे काही साम्य नाही. पाला चघळल्यावर सॅकरीनही गोड लागले नाही. आता विचार करा : पाला साखरेचा नाश करीत असता, तर सॅकरीनचा गोडपणा का जावा? ज्या दोन पदार्थांत गोडपणावाचून काहीच समान नाही, ते दोन्ही एकाच पाल्याने फिके पडतात. तेव्हा बदल पदार्थात होत नसून चाखणाऱ्या जिभेत होतो, हे अनुमान टाळता येत नाही. शिवाय अर्ध्याएक तासात पाचही जणांची गोड चव हळूहळू परत आली. जे मरते ते अर्ध्या तासात परत येत नसते.

पाल्यातील रसायन

हूपर ह्यांस जे एक आम्ल वाटले, ते वस्तुतः एकमेकांशी नाते असलेल्या अनेक द्रव्यांचे कुटुंब आहे, हे विसाव्या शतकात उघडकीस आले. ही द्रव्ये सॅपोनिन ह्या वर्गात मोडतात. रिठ्याच्या पाण्यास फेस येतो तो सॅपोनिनांमुळेच. वाळलेला पाला कोमट पाण्यात भिजवून, गाळून, बाटलीत जोराने हलविला तर त्यावरही फेस धरतो. आणि त्या पाण्यात सौम्य आम्लाचे थेंब टाकिले असता ते गढूळ होऊन साका बसू लागतो. हूपर ह्यांनी आपले द्रव्य वेगळे काढिले ते ह्याच गुणाचा उपयोग करून.

जिम्नेमिक आम्लाच्या एका रेणूचे तीन भाग कल्पावेत. मधला भाग तीस कार्बन अणूंच्या, एकमेकांस लागून असलेल्या वलयांचा सांगाडा. त्यास एका बाजूने ग्लुकुरॉनिक आम्ल जोडलेले असते, आणि हे आम्ल ग्लुकोजचेच भावंड आहे. दुसऱ्या बाजूस लहान लहान सेंद्रिय आम्लांच्या शाखा असतात. ह्या लहान शाखा छाटून टाकिल्या तर गोड चव मारण्याचा गुण जवळजवळ नाहीसा होतो. एवढा मोठा सांगाडा शाबूत असताना दोन लहान शाखांवाचून त्याचा प्रभाव राहू नये, ह्यावरून रसायनशास्त्रात आकाराचे महत्त्व किती आहे हे दिसून येते.

पाल्यात गुरमारिन नावाचे ३५ अमिनो आम्लांचे एक लहान प्रथिनही सापडले आहे. त्याची गंमत अशी की ते उंदरांची गोड चव मारते, माणसांवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. उलट जिम्नेमिक आम्ल माणसाची जीभ फसविते आणि उंदराच्या जिभेस दाद देत नाही. एकाच पानात दोन निरनिराळ्या जिभांसाठी दोन निरनिराळी द्रव्ये असावीत, हे आश्चर्यच म्हटले पाहिजे.

जिभेवर काय घडते

आपल्या जिभेवरील बारीक उंचवट्यांत रुचिकलिका असतात व त्यांच्या पेशींच्या पृष्ठभागावर चव ओळखणारी प्रथिने बसविलेली असतात. गोड ओळखणारी रचना दोन प्रथिनांच्या जोडीची असते. त्या प्रत्येक प्रथिनाचा एक भाग पेशीच्या बाहेर उघड्यावर असतो व दुसरा पेशीच्या पातळ आवरणात रुतलेला असतो. ह्या जोडीतील दुसऱ्या प्रथिनाचा शोध २००१ साली लागल्यावर गोड चवीचे कोडे सुटू लागले. २०१४ साली जपानी संशोधकांनी असे दाखविले की, जिम्नेमिक आम्ल जाऊन बसते ते आवरणात रुतलेल्या भागात; साखर जेथे लागते त्या बाहेरच्या जागेत नव्हे.

हे समजण्यासाठी दारावरच्या विजेच्या घंटेचा दृष्टांत घ्या. पाहुणा बाहेर उभा राहून कळ दाबतो. कळ ठीक आहे, पाहुण्याचे बोटही ठीक आहे. परंतु आत कोणी घंटेचा लोलक हाताने धरून ठेविला आहे. घंटा वाजत नाही आणि घरातील मंडळी समजतात की दाराशी कोणीच नाही. साखर हा पाहुणा, रुचिकलिका ही घंटा, आणि लोलक धरून ठेवणारा हात जिम्नेमिक आम्लाचा. लाळेने तो हात हळूहळू सुटतो म्हणजे घंटा पुन्हा वाजू लागते. गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या, पिठुळ द्रव्यापासून बनविलेल्या पदार्थाने चूळ भरल्यास तो हात लवकर सुटतो, असेही त्याच संशोधकांनी दाखविले.

परंतु दृष्टांत येथेच थांबवून चालणार नाही. घंटा वाजली नाही म्हणून पाहुणा परत जात नाही. तो तसाच आत शिरतो, आतड्यांतून रक्तात उतरतो आणि आपले काम करितो. येथून पुढचा भाग वडील मंडळींनी वाचावा.

मधुमेह आणि एक कबुली

आपल्या प्राचीन वैद्यांनी ज्या रोगास मधुमेह म्हटले, त्यात मूत्रास मुंग्या लागतात हे त्यांनी पाहून ठेविले होते. युरोपात टॉमस विलिस ह्यांनी १६७४ च्या सुमारास ह्या मूत्राची गोडी नोंदली आणि १७७६ साली मॅथ्यू डॉब्सन ह्यांनी तीत साखर असल्याचे सिद्ध केले. रक्तातील साखर पेशींस वापरता यावी म्हणून स्वादुपिंडातून इन्सुलिन नावाचा रस स्रवत असतो. तो स्रवेनासा झाला, कमी पडला, अथवा शरीर त्यास दाद देईनासे झाले म्हणजे मधुमेह होतो. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट ह्यांनी इन्सुलिनचा शोध लाविला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉमसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलास ते प्रथम टोचण्यात आले आणि मृत्युपंथास लागलेला तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. त्यापूर्वी अशा मुलांस वाचविण्याचा उपाय जगात कोठेही नव्हता.

हिंदुस्थानात हा रोग आता घराघरांत पोहोचला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत मधुमेह्यांची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचा अंदाज देण्यात आला. तेव्हा 'गूळ मारते ती वेल मधुमेहही मारील' असे कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्यांस तोटा नसतो.

आमचे थोरले काका असेच एक ऐकणारे होते. त्यांस पुष्कळ वर्षांचा मधुमेह होता व डॉक्टरांनी इन्सुलिन सुरू केले होते. बाजारात कोणी एकाने त्यांस हा पाला दिला. काका सकाळी पाला चघळीत, मग सर्वांदेखत चमचाभर साखर जिभेवर ठेवून म्हणत, "पाहा, साखर मेली. जी तोंडातच मेली ती रक्तात कशी जाईल?" काही दिवसांनी त्यांनी सुई बंद केली, आणि चहात साखर घालण्यासही त्यांस हरकत वाटेना. आम्ही त्या वेळी त्याच जेवणाच्या मेजाशी बसलो होतो. विज्ञानाची पदवी आमच्याजवळ होती. काकांचा युक्तिवाद कोठे चुकतो, हे आम्हांस पुरते ठाऊक होते. परंतु वडीलधाऱ्यांस उलट कसे बोलावे, ह्या संकोचाने आम्ही हसलो, गमतीने एक पान स्वतःही चघळले, आणि गप्प राहिलो.

चार महिन्यांनी काकांच्या पायास लहानशी जखम झाली. ती भरेना. दवाखान्यात नेले तेव्हा रक्तातील साखर फार वाढलेली होती, आणि शेवटी पायाची दोन बोटे काढावी लागली. बिछान्यावर पडल्या पडल्या काका आम्हांस म्हणाले, "पानाने खोटे सांगितले नाही रे. तुला गोड लागणार नाही, एवढेच ते म्हणाले होते. साखर राहणार नाही, हे माझे मीच ऐकले." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तू तरी बोलायचे होतेस." त्या वाक्यास आमच्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही.

मग हा पाला मधुमेहात निरुपयोगीच आहे काय? असे म्हणणेही शास्त्रास धरून होणार नाही. १९२८ साली कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयातील रामनाथ चोपडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांस पाल्याचे चूर्ण देऊन पाहिले. रक्तातील वा मूत्रातील साखरेवर त्यांस परिणाम आढळला नाही. १९३० साली डॉक्टर म्हसकर आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेतील फादर कायस ह्यांनी प्राण्यांवर प्रयोग केले व त्यांस मात्र साखर उतरल्याचे दिसले. पाला स्वादुपिंडास चेतवून इन्सुलिन वाढवीत असावा, असे अनुमान त्यांनी काढिले. दोघेही कसलेले शास्त्रज्ञ होते, आणि दोघांची उत्तरे निराळी होती.

१९९० साली मद्रास येथून दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात इन्सुलिन घेणारे २७ रुग्ण होते, दुसऱ्यात गोळ्या घेणारे २२. पाल्याचा अर्क चालू औषधांच्या जोडीस दिला असता साखर व औषधांची गरज कमी झाल्याचे त्यांत नोंदले आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत जिम्नेमिक आम्ल आतड्यांतून साखर शोषली जाण्याचे प्रमाण घटविते, असेही आढळले आहे. परंतु एवढ्याशा रुग्णांवरून, आणि कोणास अर्क मिळाला व कोणास नाही हे रुग्ण व वैद्य ह्या दोघांपासून गुप्त न ठेविता केलेल्या अभ्यासावरून, पक्का निर्णय होत नसतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, अर्कामुळे स्वादुपिंडाच्या पेशींतून इन्सुलिन बाहेर पडते खरे, परंतु ते पेशींचे आवरण सच्छिद्र झाल्यामुळेही असावे. आणि हे काही निव्वळ चांगले लक्षण नव्हे. अर्क घेणाऱ्या एका रुग्णाच्या यकृतास सूज आल्याचीही नोंद २०१० साली झाली आहे. शिवाय जो आधीच इन्सुलिन वा गोळ्या घेत आहे, त्याची साखर दोहोंच्या भाराने प्रमाणाबाहेर उतरण्याचा धोका असतो. तेव्हा पाला घ्यावयाचाच असेल तर डॉक्टरांस सांगून घ्यावा, रक्त तपासून घ्यावा, आणि चालू औषध त्यांच्या आज्ञेवाचून कदापि थांबवू नये.

एक गोष्ट मात्र पाल्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. ज्यास मिठाई समोर असता हात आवरत नाही, त्याच्या तोंडी ती काही वेळ मातीसारखी लागली, तर तो हात आपोआप आखडतो. हा उपयोग खरा आहे. परंतु तेथे गुण येतो तो मिठाई न खाल्ल्याने. खाल्लेल्या मिठाईची साखर पाला नाहीशी करीत नाही. हा भेद ज्यास कळला, त्यास हा सगळा पाठ कळला.

उपसंहार

सृष्टीतील वस्तू आणि त्या वस्तूंविषयी आपली इंद्रिये आपणांस जे सांगतात ते, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पुष्कळदा त्या जुळतात, म्हणून आपला संसार चालतो. परंतु कधीकधी त्या जुळत नाहीत. अशा वेळी जीभ काय म्हणते, तेवढ्यावर न थांबता परीक्षानळी काय म्हणते, रक्ततपासणी काय म्हणते, आणि काहीच हाताशी नसेल तर मुंग्या काय म्हणतात, हे पाहावे. शास्त्र शास्त्र म्हणतात ते फार करून ह्याच सवयीचे नाव आहे.

चिखलदऱ्याच्या त्या वृद्ध गृहस्थावर आमचा कोणताही आक्षेप नाही. त्याने मुलांस एक चमत्कार दाखविला आणि निरोप देताना, "घरी औषध म्हणून देऊ नका हो, गंमत म्हणून द्या," असेही बजावून सांगितले होते. पाल्याचा गुण आणि त्या गुणाची मर्यादा ह्या दोन्ही गोष्टी त्यास ठाऊक होत्या.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरी कोणी आजी, आजोबा, काका अथवा मावशी असा पाला चघळून सुई वा गोळी बंद करण्याच्या विचारात असतील, तर त्यांजपाशी बसा. आवाज खाली ठेवा, आदर सोडू नका. परंतु गप्प राहू नका. त्यांस संत्र्याचा प्रयोग करून दाखवा. चमचाभर साखर अंगणात ठेवा आणि त्यांस तेथे घेऊन जा. आम्ही जे त्या दिवशी बोललो नाही, ते तुम्ही बोलावे, एवढ्यासाठीच हा लेख लिहिला आहे.